एक ओळ म्हणजे काय? दूध संकलनाच्या नोंदींवरून पोस्टग्रेसमध्ये विश्लेषण शिकताना

गावातल्या दूध संकलन केंद्रावर रोज दोन पाळ्या होतात. समजा तीनशे सभासद आहेत आणि प्रत्येक जण सकाळ-संध्याकाळ दूध घालतो. म्हणजे वर्षाला ३०० × २ × ३६५ = २,१९,००० नोंदी, आणि पाच वर्षांत १०,९५,०००. एक्सेलच्या एका शीटमध्ये जास्तीत जास्त १०,४८,५७६ ओळी मावतात. एका गावाच्या दुधाचा पाच वर्षांचा हिशेब त्यात बसत नाही.

रिलेशनल डेटाबेसला, म्हणजे एकमेकांशी जोडता येणाऱ्या टेबलांत माहिती ठेवणाऱ्या यंत्रणेला, एवढ्या ओळी म्हणजे किरकोळ काम. पण तो शिकायचं खरं कारण आकार नाही. शीटमध्ये आकडे, सूत्रं आणि रंग एकाच जागी कालवलेले असतात. डेटाबेसमध्ये नोंद एका जागी राहते आणि प्रश्न वेगळा लिहिला जातो. तोच प्रश्न पुढच्या महिन्यात पुन्हा विचारता येतो आणि दुसऱ्याला वाचून तपासताही येतो. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना रिलेशनल पद्धत मांडली. माहिती डिस्कवर कशी ठेवली आहे हे विचारणाऱ्याला माहीत असण्याची गरज नसावी, हा त्यामागचा विचार. काय हवं ते आपण सांगायचं, कसं शोधायचं ते यंत्रणा ठरवते.

हा लेख पोस्टग्रेस धरून लिहिला आहे. ते रिलेशनल डेटाबेसचं मोफत सॉफ्टवेअर आहे, लॅपटॉपवर चालतं आणि विश्लेषणाला लागणारं बहुतेक सगळं त्यात आहे. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना त्या आज्ञा आणि अंक इंग्रजी अक्षरांतच लिहायचे. एसक्यूएलचं (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय एवढं एकदा डोळ्यांखालून गेलेलं असेल तर पुरे.

पायरी १: टेबल बनवण्याआधी एक वाक्य लिहा

कागदावर लिहा: "या टेबलमधली एक ओळ म्हणजे..." आणि वाक्य पूर्ण करा. आमच्या उदाहरणात ते असं होतं: संकलन टेबलमधली एक ओळ म्हणजे एका तारखेला, एका पाळीत, एका सभासदानं घातलेलं एका प्रकारचं दूध. "एका प्रकारचं" हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण गाय आणि म्हैस दोन्ही असलेला शेतकरी एकाच पाळीत दोन वेगळी मापं घालतो. हे शब्द विसरलात तर एके दिवशी "डुप्लिकेट" म्हणून कोणाचं तरी म्हशीचं दूध पुसलं जाईल.

हे वाक्य डेटाबेसलाही सांगायचं असतं. तारीख, पाळी, सभासद क्रमांक आणि प्रकार या चार रकान्यांवर मिळून युनिक बंधन घाला. तीच नोंद दुसऱ्यांदा आली की डेटाबेस नकार देईल. आपल्याला तीन टेबलं लागतील. सभासद: क्रमांक, नाव, वाडी. संकलन: वरचे चार रकाने आणि लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर. कपात: तारीख, सभासद क्रमांक, कशासाठी, रक्कम. पशुखाद्याची पोती, उचल, जनावरांचा विमा हे सगळं कपातीत येतं, आणि तिथली एक ओळ म्हणजे एक कपात.

पैशाच्या आणि मापाच्या रकान्यांना न्यूमेरिक हा प्रकार द्या, फ्लोट नको. फ्लोटमध्ये ०.१ सारखी संख्या अचूक साठत नाही आणि बेरजेत पैशांचे फरक दिसायला लागतात.

पायरी २: माहिती आत आणताना घाई नको

केंद्राच्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल मिळते. ती थेट मुख्य टेबलात ओतू नका. सगळे रकाने टेक्स्ट असलेलं एक कच्चं टेबल बनवा, फाइल त्यात घ्या, तपासा आणि मग मुख्य टेबलात भरा. या टप्प्यावर बसणारे चार फटके मला प्रत्यक्ष माहीत आहेत.

पहिला तारखेचा. पोस्टग्रेस सुरुवातीला महिना-दिवस-वर्ष असा क्रम धरतं. आपली ०३/०४/२०२४ ही ३ एप्रिलची नोंद मग निमूटपणे ४ मार्चची होते, आणि १३ तारखेपर्यंत काही बिघडलंय हे कळतही नाही. आयात करण्याआधी डेटस्टाइल दिवस-महिना-वर्ष अशी करून घ्या.

दुसरा वेळेचा. काही यंत्रं वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये नोंदवतात. आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. पहाटे सव्वापाचला घातलेलं दूध तिथे आदल्या दिवशीच्या रात्री पावणेबाराचं म्हणून नोंदलं जातं. साडेपाचच्या आत येणारे सगळे सभासद एक दिवस मागे सरकतात. वेळ आधी एशिया/कोलकाता या क्षेत्रात बदलायची आणि मगच तिच्यातून तारीख काढायची.

तिसरा शून्याचा. फॅट मोजण्याचं यंत्र बंद असलं की काही सॉफ्टवेअर तिथे शून्य लिहितं. शून्य फॅटचं दूध नसतं. तो आकडा "माहीत नाही" असा, म्हणजे नल, करायला हवा. सरासरी काढताना एसक्यूएल नल सोडून देतं, शून्य मात्र धरतं. नलइफ हे फंक्शन याचसाठी आहे. एवढं करून फॅटवर एक चेक बंधनही घाला, म्हणजे दशांश चिन्ह विसरून ४.१ ऐवजी ४१ टाइप झालेली नोंद दारातच अडेल.

चौथा फटका खास आपल्या लिपीचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. "कऱ्हाड" हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका कळफलकावर तो ऱ आणि हलन्त असा येतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेससाठी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. ग्रुप बाय केलं की कऱ्हाड दोनदा येतं. गोऱ्हे, वऱ्हाडे अशी आडनावंही तशीच फुटतात. पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे. त्याचा इतर ठिकाणी उपयोग होतो, पण ही दोन रूपं ते एक करत नाही. ती रिप्लेस वापरून आपणच एक करायची. म्हणून दोन टेबलं कधीही नावावर जोडू नका. केंद्रावर प्रत्येक सभासदाला कोड नंबर असतोच, तोच वापरा.

पायरी ३: सरासरी फॅट काढा, पण लिटरच्या हिशेबानं

पहिलं खरं विश्लेषण म्हणून प्रत्येक सभासदाची दहा दिवसांची सरासरी फॅट काढू. नवखा माणूस फॅटच्या रकान्याची सरळ सरासरी काढतो. एका सभासदाचं उदाहरण पाहा: सकाळी १२ लिटर, फॅट ३.४, संध्याकाळी ४ लिटर, फॅट ४.२. सरळ सरासरी ३.८ येते. पण १२ लिटरचं वजन ४ लिटरपेक्षा जास्त धरायला हवं. (१२ × ३.४ + ४ × ४.२) भागिले १६ केलं की खरी सरासरी ३.६ निघते. हा फरक योगायोगाचा नाही. दोन धारांमध्ये अंतर कमी असलं की दूध कमी निघतं आणि फॅट जास्त लागते, त्यामुळे सरळ सरासरी बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकते.

सिलेक्ट सभासद_क्र, सम(लिटर * फॅट) / सम(लिटर) अ‍ॅज सरासरी_फॅट
फ्रॉम संकलन
व्हेअर प्रकार = 'गाय' अँड फॅट इज नॉट नल
अँड तारीख बिटवीन '२०२५-०१-०१' अँड '२०२५-०१-१०'
ग्रुप बाय सभासद_क्र;

"फॅट इज नॉट नल" ही अट गाळलीत तर वरच्या बेरजेतून ती ओळ जाईल, पण खालच्या लिटरमध्ये ती राहील. सरासरी गुपचूप खाली येते आणि चूक झाल्याचा कुठलाही संदेश येत नाही.

इथेच सरासरीची दुसरी अडचणही पाहून घ्या. पाच सभासदांचं रोजचं दूध ६, ८, ९, ११ आणि ८६ लिटर आहे. सरासरी २४ लिटर, आणि पाचांतल्या एकाचंही दूध २४च्या आसपास नाही. मधला आकडा ९ आहे, आणि गावाचं चित्र तोच सांगतो. मोठा गोठा असलेला एक जण सगळी सरासरी वर ओढतो. पोस्टग्रेसमध्ये मध्यक काढायला पर्सेंटाइल_कॉन्ट(०.५) आणि त्यापुढे विदिन ग्रुप असं लिहितात. त्याच पद्धतीनं ०.२५ आणि ०.७५ मागा, म्हणजे गावातला लहान आणि मोठा शेतकरी कुठे आहे तेही दिसेल.

पायरी ४: टेबलं जोडण्याआधी बेरीज

मी सगळ्यात मोठी चूक इथे केली होती. एका संकलन केंद्राच्या नोंदींवर दूध आणि कपात एकत्र दाखवणारा अहवाल मी बनवला होता. सभासद टेबलाला संकलन जोडलं, कपात जोडली आणि सभासदवार बेरीज केली. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, कुठेही अडखळली नाही. सोसायटीच्या सचिवांनी एक ओळ पाहिली आणि म्हणाले, "यांच्याकडे दोनच गाई आहेत, दहा दिवसांत ४८० लिटर कुठून येईल?"

काय झालं होतं ते आकड्यांत पाहू. त्या सभासदाच्या दहा दिवसांत २० पाळ्या, दर पाळीला ८ लिटर, म्हणजे १६० लिटर. पशुखाद्याच्या तीन कपाती, प्रत्येकी १,५०० रुपये, म्हणजे ४,५०० रुपये. दोन्ही टेबलं सभासद क्रमांकावर जोडली की २० पैकी प्रत्येक ओळ तीन कपातींना चिकटते. २० × ३ = ६० ओळी. दूध तिप्पट होऊन ४८० लिटर, आणि कपात वीसपट होऊन ९०,००० रुपये. ज्या सभासदाची त्या काळात एकच कपात होती त्याचं दूध बरोबर येत होतं, म्हणून अहवाल वरवर पाहताना खरा वाटत होता.

उपाय पुन्हा त्याच वाक्यात आहे. संकलनातली एक ओळ म्हणजे एक माप, कपातीतली एक ओळ म्हणजे एक कपात. दोन वेगळ्या अर्थांच्या ओळी थेट जोडायच्या नसतात. आधी दोन्हीकडची एक ओळ म्हणजे "एक सभासद" असं करून घ्यायचं आणि मग जोडायचं. विथ हा शब्द वापरून क्वेरीचे असे तुकडे पाडता येतात:

विथ दूध अ‍ॅज (सिलेक्ट सभासद_क्र, सम(लिटर) अ‍ॅज लिटर फ्रॉम संकलन ग्रुप बाय सभासद_क्र),
वजावट अ‍ॅज (सिलेक्ट सभासद_क्र, सम(रक्कम) अ‍ॅज रक्कम फ्रॉम कपात ग्रुप बाय सभासद_क्र)
सिलेक्ट दूध.सभासद_क्र, दूध.लिटर, कोॲलेस(वजावट.रक्कम, ०)
फ्रॉम दूध लेफ्ट जॉइन वजावट ऑन वजावट.सभासद_क्र = दूध.सभासद_क्र;

दहा दिवसांचा हिशेब हवा तर तारखेची अट दोन्ही तुकड्यांच्या आत लिहायची. लेफ्ट जॉइन यासाठी की कपात नसलेला सभासद गळू नये. त्याच्या रकमेत येणाऱ्या नलच्या जागी कोॲलेस शून्य दाखवतं. जोडणीनंतर व्हेअरमध्ये कपातीच्या रकान्यावर अट घातली तर तो तरीही गळतो, म्हणून कपातीवरच्या अटी नेहमी "वजावट" या तुकड्यातच ठेवा. प्रत्येक जोडणीच्या आधी आणि नंतर काउंट करून ओळी मोजायची सवय लावून घ्या. ती संख्या का वाढली हे सांगता आलं नाही, तर पुढे जाऊ नका.

पायरी ५: विंडो फंक्शन, म्हणजे ओळ न गमावता तुलना

ग्रुप बाय अनेक ओळींची एक ओळ करतं. विंडो फंक्शन ओळ जशीच्या तशी ठेवतं आणि तिच्या शेजारच्या ओळींकडे पाहून आकडा काढतं. २००३च्या एसक्यूएल प्रमाणकात ही सोय सविस्तर आली. पोस्टग्रेसमध्ये ती २००९ पासून, ८.४ या आवृत्तीत आहे. मायएसक्यूएलमध्ये मात्र ती २०१८च्या ८.० पासून मिळते. तुमच्याकडे जुनं मायएसक्यूएल असेल आणि ओव्हर या शब्दावर ते अडत असेल तर कारण हेच.

प्रश्न असा घेऊ: एखाद्या सभासदाची फॅट आज त्याच्या नेहमीपेक्षा एकदम खाली आली आहे का?

एव्हीजी(फॅट) ओव्हर (पार्टिशन बाय सभासद_क्र, प्रकार, पाळी ऑर्डर बाय तारीख रोज बिटवीन १४ प्रिसीडिंग अँड १ प्रिसीडिंग)

यातला प्रत्येक शब्द विचारपूर्वक आहे. पार्टिशनमध्ये पाळी घेतली, कारण संध्याकाळच्या दुधाची तुलना सकाळच्या दुधाशी करायची नाही. शेवट "१ प्रिसीडिंग" ठेवला, म्हणजे आजचा आकडा स्वतःच्याच सरासरीत मिसळणार नाही. आणि "रोज" म्हणजे इथे ओळी, दिवस नव्हेत. मध्ये आठवडाभर दूध आलंच नसेल तर मागच्या चौदा ओळी तीन आठवड्यांत पसरलेल्या असतील. दिवसच मोजायचे असतील तर रोजऐवजी रेंज वापरून "१४ दिवस" असं अंतर देता येतं. ही सोय पोस्टग्रेसच्या ११व्या आवृत्तीपासून आहे.

विंडोचा निकाल व्हेअरमध्ये थेट वापरता येत नाही. तो विथच्या तुकड्यात काढायचा आणि बाहेरच्या क्वेरीत गाळायचा.

समजा तीस सभासदांची यादी निघाली, ज्यांची फॅट एकाच सकाळी घसरली. लगेच पाण्याचा संशय घ्यायचा का? थांबा. दुसरी विंडो लावा, या वेळी पार्टिशन तारीख, पाळी आणि प्रकार यांवर: त्या सकाळी सगळ्या केंद्राची फॅट किती होती? सगळ्यांचीच खाली असेल तर यंत्राचं कॅलिब्रेशन बघायला हवं. एकाचीच खाली असेल तर एसएनएफही घसरलं आहे का ते पाहा. पाण्यानं दोन्ही खाली येतात. फक्त फॅट घसरली असेल तर वैरण बदलली असेल, गाय नुकतीच व्यायली असेल किंवा तिला काही दुखणं असेल. क्वेरी फार तर कोणाच्या गोठ्यावर चौकशीला जायचं एवढंच सांगते. तिच्या भरवशावर कोणाचं दूध परत पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे, कारण त्या ओळीमागे एका घराचा दहा दिवसांचा पगार असतो.

आणखी एक युक्ती शिकवतो, मला ती फार आवडते. कोण किती दिवस सलग दूध घालतो, हे कसं काढायचं? एका सभासदाच्या तारखा घ्या: १, २, ३, ७, ८. त्यांना रो_नंबरनं क्रमांक द्या: १, २, ३, ४, ५. तारखेतून क्रमांक वजा करा: ०, ०, ०, ३, ३. सलग दिवसांना एकच आकडा मिळाला. सभासद आणि या आकड्यावर ग्रुप बाय केलं की प्रत्येक सलग तुकड्याची सुरुवात, शेवट आणि लांबी हाती येते. एकच काळजी घ्या. दिवसाला दोन पाळ्या आहेत, म्हणून आधी "एक ओळ म्हणजे एका सभासदाचा एक दिवस" असं करून घ्या, नाहीतर वजाबाकी बिघडेल. दोन तुकड्यांमधलं अंतर म्हणजे जनावर भाकड गेल्याचा काळ, किंवा सभासद दुसऱ्या डेअरीला गेल्याचा. उन्हाळ्यात दूध घटतं त्या कृशकाळात अशी अंतरं किती जणांची वाढतात, हे पाच वर्षांवर पाहण्यासारखं असतं.

पायरी ६: क्वेरी मंद झाली तर

दहा-अकरा लाख ओळींवर पोस्टग्रेसनं काही सेकंदांत उत्तर द्यायला हवं. देत नसेल तर क्वेरीच्या आधी एक्स्प्लेन ॲनालाइझ लिहा. कुठल्या पायरीला किती वेळ गेला ते दिसतं. पण ही आज्ञा क्वेरी खरोखर चालवते. डिलीटच्या आधी लावलीत तर ओळी खऱ्याच जातात. सभासद क्रमांक आणि तारीख यांवर मिळून एक इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन सापडण्यासाठीची सूची, बहुतेक कामाला पुरतो. रोज तोच जड अहवाल लागत असेल तर त्याचा मटेरियलाइझ्ड व्ह्यू (क्वेरीचं साठवून ठेवलेलं उत्तर) बनवा आणि संध्याकाळची पाळी संपली की रीफ्रेश करा. काही कोटी ओळी झाल्या आणि सगळे प्रश्न मोजक्याच रकान्यांवरचे असतील, तर डकडीबीसारखा रकानावार साठवणारा डेटाबेस पाहायला हरकत नाही. गावाच्या दुधाला त्याची गरज पडणार नाही.

हे सगळं चालू संकलनाच्या डेटाबेसवर करू नका. सकाळी सहाला रांग लागलेली असताना तुमच्या क्वेरीनं काटा अडकला तर त्याचा भुर्दंड कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पडतो. रात्री बॅकअप घ्या, तो दुसऱ्या संगणकावर उभा करा आणि तिथे फक्त वाचण्याचा हक्क असलेल्या खात्यानं काम करा.

पायरी ७: छापील बिलाशी जुळवा

कुठलाही अहवाल कोणाला दाखवण्याआधी तीन सभासदांची दहा दिवसांची छापील बिलं मागा. एक जास्त दुधाचा, एक कमी दुधाचा, आणि एक असा की ज्याच्याकडे गाय-म्हैस दोन्ही आहेत आणि कपातीही अनेक आहेत. तुमच्या क्वेरीचे लिटर, सरासरी फॅट आणि रक्कम त्या बिलांशी जुळली पाहिजे. लिटर जुळले नाहीत तर ओळी गळल्या आहेत किंवा वाढल्या आहेत, पायरी ४ला परत जा. लिटर जुळले पण फॅट जुळली नाही, तर आधी बिलावरची सरासरी कशी काढली आहे ते विचारा. ती सरळ सरासरी असू शकते.

सगळं जुळलं आणि रकमेत फक्त चार-सहा पैसे उरले, तर पूर्णांकन कुठे होतं ते बघा. केंद्राचं सॉफ्टवेअर प्रत्येक पाळीची रक्कम दोन दशांशांवर आणून मग वीस पाळ्यांची बेरीज करत असेल, आणि तुमची क्वेरी आधी बेरीज करून शेवटी एकदाच. पैसे पाळीवार देय होतात, म्हणून राउंड आत घ्या: सम(राउंड(लिटर * दर, २)). मग क्वेरी पुन्हा चालवा आणि शेवटच्या पैशापर्यंत जुळतंय का ते पाहा.